लिथुआनियाची प्रसिद्ध जलतरणपटू रुता मेइलुतिते बटरफ्लायमध्ये पोहते ना? तिची कारकीर्द कशी होती?

बटरफ्लाय नाही हो, ब्रेस्टस्ट्रोक. आणि 'होती' म्हणायची घाई नको, कारण ती एकदा संपून पुन्हा सुरू झालेली आहे.

जन्म 1997चा, कौनास शहरातला. पुढे वडिलांबरोबर इंग्लंडला गेली आणि प्लिमथमध्ये जॉन रड यांच्या हाताखाली तयार झाली. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वय अवघं 15! 100 मीटरच्या अंतिम फेरीत शर्यत सुरू करण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला, सगळ्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. भल्याभल्यांचं चित्त विचलित झालं असतं. पोरीने 1:05.47 वेळ देत अमेरिकेच्या रेबेका सोनीला 0.08 सेकंदाने मागे टाकलं. पुढच्याच वर्षी बार्सिलोनात 1:04.35 चा विश्वविक्रम.

मग उतार. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सातवी. 2019 मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्या तीनदा चुकल्या, म्हणजे चाचणीसाठी ती उपलब्ध नव्हती; निवृत्ती जाहीर केली आणि दोन वर्षांची बंदीही आली. (चाचणी चुकणं म्हणजे द्रव्य सापडणं नव्हे, हे लोक विसरतात.)

2022 मध्ये परतली आणि बुडापेस्टला 50 मीटरचं जागतिक सुवर्ण. 2023 मध्ये फुकुओकाला 50 आणि 100 मीटर, दोन्ही सुवर्णं. 50 मीटरमध्ये 29.16 सेकंदांचा विश्वविक्रम. माझ्या मते लंडनपेक्षा हेच मोठं.

तसा ब्रेस्टस्ट्रोक लिथुआनियाचा जुनाच प्रांत. 1980च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये लिना काचियुशिते आणि रॉबर्टास झुल्पा या दोघांनी 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकची सुवर्णं जिंकली होती, पण सोव्हिएत झेंड्याखाली, कारण लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता.