नाशिकचा कांदा काठमांडूला नेताना

बिहारमधल्या सीमेवरच्या रक्सौलमार्गे पहिली फेरी आखताना आधी कागदपत्रांचा आणि मगच रस्त्याचा विचार करावा. ताज्या कांद्याला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालील मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र, लागत नाही; करपात्र माल असेल तर त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, त्यामुळे नाशिक ते रक्सौल या दीड हजारांहून अधिक किलोमीटरच्या अंतरासाठी ती वरवर भरपूर वाटते. मात्र गाडी वाटेत बंद पडली, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवून घ्यावी लागते. नॅशनल परमिट, म्हणजे भारतभर माल नेण्याचा परवाना, नेपाळमध्ये चालत नाही आणि विम्यालाही त्या देशापुरती वाढ घ्यावी लागते, जी बहुतेक नवे मालक विसरतात. निर्यातीचे धोरण माल भरण्याच्या दिवशीच तपासावे, कारण डिसेंबर २०२३मध्ये कांद्यावर अचानक बंदी आली होती. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सीमेवर पोहोचलेला कांदा अडकून ताडपत्रीखाली घामेजतो, म्हणून हवा खेळण्यासाठी बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

सीमेपलीकडच्या वीरगंजनंतर हेटौंडापर्यंत फारशी चिंता नसते. खरी परीक्षा नारायणघाट ते मुग्लिन या टप्प्यात, त्रिशूलीच्या काठाने होते. जुलै २०२४मध्ये तिथेच दरड कोसळून दोन बसगाड्या नदीत गेल्या. पावसाळ्यात हा टप्पा रात्री टाळावा, भाडे ठरवतानाच खोळंब्याचे दिवस धरावेत आणि चालकाजवळ त्या दिवसांच्या जेवणाखर्चाची नेपाळी रक्कम वेगळी द्यावी.