घरी केलेलं स्ट्रॉबेरी सॉर्बे (दूध न घालता फळाचं केलेलं आइस्क्रीमसारखं गोठवलेलं गोड) दगडासारखं घट्ट का होतं? आइस्क्रीमचं मशीन नसताना मऊ कसं करायचं?

साखर कमी पडते म्हणून. साखर इथे फक्त गोडीसाठी नसते, ती पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. तब्येतीचा विचार करून आपण ती निम्मी करतो आणि मग चमचा आत शिरत नाही.

माझं प्रमाण असं: देठं काढलेली अर्धा किलो स्ट्रॉबेरी, १३० ते १५० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, देठं नंतर काढा, नाहीतर फळात पाणी शिरतं. चिरून साखर लावा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तळाशी लालभडक रस सुटतो, तो अजिबात टाकू नका, सगळं त्यातच मिक्सरमधून फिरवा. वरून पाणी घालायचं नाही. चव घेताना मिश्रण जरा जास्तच गोड लागायला हवं, कारण गार झाल्यावर गोडी कमी जाणवते. बिया नको असतील तर गाळा. मी गाळत नाही.

पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीझरला ठेवा. दर पाऊण तासाने कडेचा गोठलेला भाग काट्याने खरवडून मध्ये आणा, असं तीन-चार वेळा. कंटाळा येत असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ते तुकडे मिक्सरला फिरवा, तेही छान होतं.

महाबळेश्वर-पाचगणीची फळं जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर मिळतात. देठापाशी पांढरी असलेली घेऊ नका, पूर्ण लाल आणि वास येणारीच घ्या. वाढण्याआधी डबा दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा.