टाकी तुडुंब, पेट्रोल रस्त्यावर

जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 1965 ची फियाट 1100 आहे. सकाळी टाकी फुल करून दुपारी रंकाळ्याच्या कडेला उन्हात लावली, की टाकीच्या तोंडातून पेट्रोलचा ओघळ खाली येतो. टाकी उतरवून तपासली, कुठेही छिद्र नाही. मग गळतंय कुठून? आणि उन्हाळ्यात फुल टाकीचा स्फोट होतो म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : गळत नाही, उतू जातंय. पेट्रोल दर अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून ते सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर तुमच्या गाडीत येतं. एप्रिलच्या दुपारी, बंद डिकीच्या उबेत, ते सहज 47-48 पर्यंत जातं. तुमची टाकी साधारण 38 लिटरची. वीस अंशांची वाढ धरली तर पाऊण लिटरच्या जवळपास पेट्रोल जास्तीचं झालं. पत्र्याची टाकीही फुगते, पण तिची वाढ जेमतेम 30 मिलिलिटर. ती हिशेबात धरू नका. आता टाकीच्या नळीचा व्यास दोन इंच आणि लांबी फूटभर धरा. तिच्यात मावतं सहाशे मिलिलिटर. म्हणजे नळीच्या तळापर्यंत पेट्रोल असेल तरी बाहेर येणार, आणि गळ्यापर्यंत भरलं असेल तर सगळं पाऊण लिटर रस्त्यावर.

नव्या गाड्यांत ही वाढ सामावायला टाकीतच मोकळी जागा राखलेली असते आणि वाफ कोळशाच्या डब्याकडे वळवलेली असते. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही, त्यामुळे ती जागा तुम्हीच सोडायची. किमान अडीच-तीन लिटर.

इथे पंपावर एक गोष्ट आडवी येते. जुन्या गाडीच्या वाकड्या नळीत नोझल पूर्ण आत जात नाही, पेट्रोल उसळून लवकर ‘खट्’ होतं. पोऱ्याला वाटतं अजून जागा आहे, मग राउंड फिगर करायला तो थेंबथेंब सोडत राहतो. म्हणून रुपयांत सांगू नका, लिटरमध्ये सांगा. गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यावर तर विश्वासच नको. टाकी रिकामी असताना पाच-पाच लिटर ओतत एक लाकडी पट्टी बुडवा, दर वेळी खूण करा आणि ती पट्टी डिकीत ठेवा. साठ वर्षांच्या गाडीत याहून खात्रीचा गेज नाही. गाडी उतारावर लावताना टाकीचं तोंड चढाच्या बाजूला ठेवा.

स्फोटाचा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो आणि तेल कंपन्या दर वेळी तो खोटा म्हणतात. ते बरोबर आहे. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांहून जास्त उष्णता लागते. पण सांडलेल्या पेट्रोलची वाफ ठिणगीनं कोणत्याही हवेत पेटते, थंडीतसुद्धा. ओघळ दिसला तर गाडी सुरू करू नका, लाईट-हॉर्नलाही हात लावू नका. गाडी सावलीत ढकला, साबणाच्या पाण्यानं रंग लगेच धुवा (नाहीतर ओघळाचा पिवळा डाग तिथेच बसतो) आणि वास जाईपर्यंत थांबा.

प्रश्न : उतू जातंय म्हणून मेकॅनिकनं टाकीला रबराची घट्ट कॅप बसवली. सांडणं थांबलं, पण आता वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गाडी झटके देऊन बंद पडते. पाच मिनिटांनी परत चालू होते. एसी पंप (टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप) बदलला, फरक नाही.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एसी पंपाचा दोष नव्हता. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी, आणि जुन्या गाड्यांत ती कॅपच्या बारीक छिद्रातून येते. घट्ट कॅपनं ती वाट बंद केली. आत निर्वात वाढत जातो, पंपाला खेचवत नाही, कार्बोरेटर कोरडा पडतो. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून पाच मिनिटांनी चालू. पत्रा गंजून पातळ झाला असेल तर टाकी ‘डबक्’ आवाज करून आत बसते, तो आवाज कधी ऐकला असेल तर टाकीही बघून घ्या.

खात्री करायची तर गाडी अडली की कॅप अर्धा फेरा सैल करा आणि कडेला कागदाची पातळ पट्टी धरा. ‘फुस्स’ होऊन पट्टी आत ओढली गेली तर छिद्र नाही किंवा बुजलंय. उन्हात उभ्या गाडीची पट्टी उलट बाहेर उडेल. त्यातही धोका आहे, कारण कोंडलेला तो दाब पेट्रोलला पुढे ढकलतो आणि कार्बोरेटरची निडल (पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) मागे सारून इंजिन ओव्हरफ्लो करतो.

मूळची कॅप परत बसवा. छिद्रात धूळ-ग्रीस असेल तर कार्बोरेटर क्लीनर फवारून तारेच्या एका केसानं साफ करा. ड्रिल मारू नका. मोठ्या छिद्रातून वळणावर पेट्रोल उडतं आणि पावसात पाणी आत जातं. आतलं कॉर्कचं पॅकिंग वाळलं असेल तर 3 मिलिमीटर व्हिटॉन (पेट्रोलला टिकणारं रबर) शीटमधून कापून घ्या. उद्यमनगरात ते काम कोणीही करून देईल, मात्र छिद्र पॅकिंगखाली झाकलं जात नाही ना, ते स्वतः बघा. आणि सांडण्यावर उपाय टाकी कमी भरणं हाच, कॅप नव्हे.

प्रश्न : पन्हाळ्याला चढून गेल्यावर चहाला थांबलो, की दहा मिनिटांनी अँबॅसिडर सुरू होत नाही. बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा. खाली कोल्हापुरात असं होत नाही.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दुखणं तेच, जागा वेगळी. वाघबीळपासूनच्या चढानं इंजिन तापलेलं, आणि तुमच्या 1489 सीसी इंजिनात कार्बोरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळीच्या) वर. गाडी चालती असते तोवर वारा आणि ताजं पेट्रोल त्याला थंड ठेवतं. बंद केली की खालची सगळी धग वर येते. फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या छोट्या साठ्यातलं) पेट्रोल फुगतं, उकळतं. पंप आणि कार्बोरेटरमधल्या पाइपातलं पेट्रोलही फुगून निडलला मागे सारतं आणि इनटेकमध्ये सांडतं.

त्या वेळी चोक ओढू नका आणि अॅक्सिलरेटर खालीवर मारू नका. पाय पूर्ण दाबून तसाच धरा आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर जाईल आणि इंजिन पकडेल. भपकारा नसेल आणि कार्बोरेटर कोरडा असेल तर मात्र पाइपात वाफ अडकली आहे. तेव्हा एसी पंपावर ओलं फडकं टाकायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती चालते.

कायमचं करायचं तर कार्बोरेटरखाली 8 ते 10 मिलिमीटर जाडीचं हायलमचं (उष्णता अडवणाऱ्या कडक शीटचं) पॅकिंग घाला, दोन्ही बाजूंना गॅस्केट लावा आणि स्टड तेवढे लांब घ्या. जाडी वाढल्यानं लिंकेज ताणलं जातं, ते पुन्हा जुळवा. मॅनिफोल्डला खेटून गेलेला पेट्रोलचा पाइप निदान दोन इंच दूर वळवा. आणि फ्लोट चेंबरच्या ओव्हरफ्लो नळीचं टोक बघा. ती बऱ्याच गाड्यांत तुटलेली असते आणि ठिबक तापल्या मॅनिफोल्डवर पडतो. बाकी सगळं राहू दे, पण हे आजच करा.

प्रश्न : ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं उतू जाणं वाढतं का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : फुगण्यात सांगण्यासारखा फरक नाही. इथेनॉल आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं असलं तरी जुन्या रबराशी त्याचं जमत नाही, दुखणं ते आहे. पाइप आतून मऊ होऊन सुटतो, कॉर्कचं पॅकिंग झिरपतं, आणि ते पाहून टाकी उतू गेल्यासारखं वाटतं. सगळे रबरी पाइप बदला, त्यांच्यावर ‘आर-9’ छापलेलं पाहून घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा, ओल कमी धरेल. ऊन नसल्यानं तेव्हा दीड लिटर मोकळं पुरतं.