निकालाआधीच ठरवलेले दोन फोन

"सीए फायनल देऊन महिना झाला. झोप लागत नाही, घास उतरत नाही. निकाल लागेपर्यंत काय करू?" परीक्षा आणि निकाल यांच्यामध्ये जे दोनेक महिने जातात, त्यात हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे हमखास येतो. कधी मुलं विचारतात, कधी त्यांच्या आया. मला याचं उत्तर एका मुलासोबत काम करताना सापडत गेलं. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पंचवीस. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, संपलेली. फायनलच्या दोन ग्रुपपैकी पहिला निघालेला, दुसऱ्या ग्रुपचा हा तिसरा अटेम्प्ट. बसल्याबसल्या त्याने बॅगेतून एक वही काढली. डायरेक्ट टॅक्स, जीएसटी आणि केस स्टडीचा तिसरा पेपर. प्रत्येकापुढे तीन रकाने: 'कमीत कमी', 'बहुतेक', 'जास्तीत जास्त'. खाली बेरीज. रोज रात्री नवं पान. टेलिग्रामवर मुलांनी आठवून टाकलेली एमसीक्यूची (बहुपर्यायी प्रश्नांची) उत्तरं जुळवायची, थिअरीला किती मिळतील याचा अंदाज धरायचा आणि पुन्हा बेरीज करायची. एका पानावर 138, दुसऱ्यावर 156. प्रत्येक पानावर 150 हा आकडा लाल पेनाने गोल केलेला. पास व्हायला प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या 300 पैकी 150 लागतात, म्हणून.

वही बंद कर, असं मी म्हटलं नाही. इतक्या जणांनी सांगून झालेलं असतं ते. मी विचारलं, "156 आले त्या रात्री झोप लागली?"

"नाही. वाटलं, जरा जास्तच धरलेत."

"आणि 138 आले तेव्हा?"

"तेव्हा तर प्रश्नच नाही, मॅडम."

मग तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. बेरीज काहीही आली तरी रात्र तशीच जाते, हे त्याच्या तोंडून यायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी मोडली नाहीत. उत्तरपत्रिका हातातून गेली, आता काही बदलत नाही, हे या मुलांच्या डोक्याला चांगलं कळतं. पोटातल्या गोळ्याला कळत नाही. त्याला भाषण देऊन उपयोग नसतो.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, "निकालाचं पान उघडलंय. नापास आहेस. पुढची पाच मिनिटं डोळ्यांपुढे आण. काय दिसतं?" मला वाटलं, मार्क सांगेल. तो म्हणाला, "बाबा. खोलीच्या दारात उभे असतात. काही विचारत नाहीत. नुसते उभे." मागच्या वेळी निकाल दुपारीच कळला होता. घरी त्याने 'संध्याकाळी लागणार आहे' असं सांगितलं आणि चार तास स्टेशनवर फलाटाच्या बाकावर बसून राहिला.

नापास होण्याचा धक्का त्याने आधी दोनदा पचवला होता. धास्ती होती ती सांगण्याची. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचं असंच असतं. म्हणून आम्ही त्याचीच तयारी केली. निकाल कळल्यावर दोनच फोन: एक आईला, एक आर्टिकलशिपमधल्या मित्राला. पास झाला तर काय म्हणायचं आणि नाही झाला तर काय, ही वाक्यं आधीच लिहून ठेवली. आत्या, काका, कॉलेजचा ग्रुप यांना आई सांगेल. वही संध्याकाळी सात ते सव्वासात, तेवढीच. निकालाच्या तारखेची सूचना सीए इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर दिवसातून एकदा बघायची, टेलिग्राम म्यूट. पहिला आठवडा जड गेला, मग झोप थोडी थोडी सुधारली.

एका भेटीला वडिलांना बोलावलं. "मी त्याला एका शब्दाने बोलत नाही हो. त्याला टेन्शन नको," ते म्हणाले. दारात उभं असताना मनात काय असतं, असं विचारल्यावर त्यांचा आवाज बदलला. "वाटतं, जवळ जाऊन बसावं. पण त्याला चालेल का, कळत नाही." मुलगा शेजारच्या खुर्चीत होता. त्याने मान वर केली.

इथे आईवडिलांना एक कळकळीने सांगते. मूल जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, स्वतःला संपवायचं सुचवत असेल, तर निकालाची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

निकाल लागला. 62, 45, 38. बेरीज 145.

त्याने आईला फोन केला, लिहून ठेवलेलं वाक्य वाचून दाखवलं आणि मग रडला. वडील खोलीत येऊन पलंगावर बसले, तासभर. आत्याचा फोन आईने घेतला. 'सीए सोडतो' आणि 'उद्याच फॉर्म भरतो' या दोन्ही वाक्यांना मी पहिले दोन दिवस बंदी घालते. दोन्ही दुखऱ्या जागेवरून आलेली असतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही कागद समोर घेतला. मार्क पडताळणीत बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर एवढंच बघतात, पेपर नव्याने तपासत नाहीत. तेव्हा पाच मार्क वाढतील या आशेवर महिना काढायचा नाही, असं त्यानेच ठरवलं. त्याऐवजी 38 वाल्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवली, कुठे घसरलो ते बघायला. आणि 62 ची एक्झेम्प्शन होती. साठच्या वर गेलेला तो पेपर पुढचे तीन अटेम्प्ट पुन्हा द्यावा लागत नाही, त्याचे मार्क बेरजेत धरतात.

परवा तो वही घेऊन आला. नव्या पानावर रकाने नव्हते. वर 150 वजा 62, म्हणजे 88, खाली दोन पेपरांची नावं आणि प्रत्येकापुढे 'किमान 40'.

"हा आकडा खरा आहे, मॅडम. अंदाज नाही."

"म्हणजे बसणार परत?"

"अजून ठरवलं नाही. बाबा म्हणाले, रविवारी निवांत बोलू."