करडू जवळ न्या, पण हात धरून दाबू नका

ताई, तुम्ही विचारलंय की डोक्याला मार लागलेला भाऊ चार महिन्यांनी डोळे उघडतो पण ओळख देत नाही, तर घरच्या शेळीचं करडू त्याच्याजवळ न्यावं का. वाचून पोटात कालवलं. अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर आमच्या यांचा अपघात झाला तेव्हा ग्लासगो स्कोअर, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे त्याचं माप, १५ पैकी ६ होता.

न्या. पण माझ्यासारखं करू नका. घरी आणल्यावर आठवडाभरातच दिरानं गोठ्यातलं काळं उस्मानाबादी करडू आणलं. खोलीत सात माणसं, टीव्ही चालू, सगळ्यांचा एकच गलका, "ओळखलं का?" मी यांचा हात धरून त्याच्या पाठीवर दाबला. मूठ आवळली, त्यात कान सापडला, करडू ओरडलं. यांचं अंग ताठ, घामानं चिंब. पुढं दोन महिने परत न्यायची कुणाची हिंमत झाली नाही. ते दोन महिने मला अजून सलतात. दवाखान्यात विचारलं होतं मी. "असले प्रयोग नका करू," एवढंच उत्तर. गोळ्या दोनदा समजावल्या, पण अशा माणसाला एका वेळी एकच आवाज, एकच स्पर्श झेपतो हे कुणीच सांगितलं नाही.

नंतर फिजिओवाल्या मुलीनं रीत लावून दिली. टीव्ही बंद, जवळ एकच माणूस, करडू हाताच्या टप्प्यात, आणि आपण गप्प. दोन-दोन मिनिटं वाट बघायची. दहा मिनिटांत आवरायचं. व्यायामाला हात न उचलणारा माणूस सुबाभळीचा पाला द्यायला हात उचलू लागला.

स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या पुनर्वसन केंद्रात १९ रुग्णांवर असा अभ्यास झालाय, २०१९ मध्ये छापून आला. जनावर सोबत असताना रुग्ण जास्त बोलले, खुणांनी जास्त प्रतिसाद दिला. मेंदूची जखम त्यानं भरते असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि पैसे तर मुळीच देऊ नका.

मी डॉक्टर नाही. गळ्यात नळी असेल, कवटीचं हाड काढलेलं असेल, फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गोचीड बघा, आधी आणि नंतर हात साबणानं धुवा. कुत्रं असेल तर रेबीजची लस झालेलीच हवी. करडू अंग चोरायला लागलं तर सोडून द्या, त्यालाही त्रास होतो. आणि रोज काय हललं ते वहीत तारखेसह लिहा, फिजिओला फार कामाला येतं.

भावाला आधीपासून जनावरांचा लळा होता का, तेवढं कळवा. भीती वाटत असेल तर करडाऐवजी त्याच्या आवडीचं दुसरं काही शोधू.