वाचकांचे प्रश्न : राखीव रनिंग बॅक मुख्य जागा पेलू शकेल का?

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या कार्यालयातले काही सहकारी मिळून आम्ही अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे एनएफएलची, फँटसी लीग खेळतो (खरे खेळाडू आपापल्या काल्पनिक संघात घेऊन त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मोजायचे). माझ्याकडचा एक रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन धावणारा खेळाडू, त्याच्या मूळ संघात दुसऱ्या क्रमांकावर आहे, परंतु चेंडू हाती आला की सरासरी पाच यार्डांहून अधिक मजल मारतो. मुख्य खेळाडू संघ सोडून गेल्यास हाच त्याच्या जागी येईल, असे गृहीत धरून मी त्याला पुढील हंगामासाठी राखून ठेवावे का? अशा खेळाडूची पारख कशावरून करावी?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पाच यार्डांची सरासरी मोह पाडणारी आहे, परंतु केवळ तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॅलस काउबॉइज संघाचा टोनी पोलार्ड २०२२ च्या हंगामात इझिकेल एलियटच्या जोडीने खेळत होता. त्या हंगामात त्याने १९३ वेळा चेंडू घेऊन धावत १,००७ यार्ड काढले, म्हणजे सरासरी ५.२. पुढच्या हंगामात एलियट संघात नव्हता आणि मुख्य जागा पोलार्डकडे आली, तेव्हा तो २५२ वेळा धावला आणि त्याचे यार्ड झाले १,००५. सरासरी ४ वर उतरली. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा पाय मोडला होता, हे ध्यानात घ्यायलाच हवे. तरीही जवळजवळ साठ वेळा अधिक धावून यार्ड तेवढेच राहिले, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

असे का होते, हे कबड्डी पाहणाऱ्या आपल्या वाचकांना चटकन उमगेल. समोर तीन बचावपटू उरलेले असताना चढाईत गुण आणणे आणि सातही बचावपटू सज्ज असताना आणणे, ही दोन वेगळी कामे आहेत. राखीव रनिंग बॅकला पुष्कळदा प्रतिस्पर्धी पास, म्हणजे हवेतून फेकलेला चेंडू, अडवण्याच्या तयारीत मागे सरकलेले असताना, ताज्या पायांनी आणि निवडक डावांसाठी मैदानात आणले जाते. तोच मुख्य खेळाडू झाला की बचावफळीतले आठ जण त्याच्यासाठी पुढे येऊन दाटी करतात. म्हणून सरासरीपेक्षा तिची फोड पाहावी. समजा, दहा धावांपैकी एक ४० यार्डांची आणि उरलेल्या नऊ मिळून १८ यार्डांच्या असतील, तर सरासरी ५.८ दिसेल, पण प्रत्यक्षात त्या खेळाडूने नऊ वेळा संघाला जागच्या जागी ठेवलेले असते. पहिला धक्का बसल्यानंतरही तो आणखी दोन-तीन यार्ड खेचून नेतो का, हे त्याच्या स्वतःच्या बळाचे माप आहे. धक्का बसण्यापूर्वीच्या यार्डांचे श्रेय बहुतांशी पुढच्या ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट मोकळी करणाऱ्या आपल्याच गड्यांच्या फळीचे, असते.

माझ्या मते यापेक्षाही मोठी कसोटी म्हणजे चेंडू हाती नसताना तो काय करतो. तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) आहे आणि आठ यार्ड हवे आहेत, असा प्रसंग घ्या. रनिंग बॅक चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा आहे आणि समोरचा एक लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागचा बचावपटू, हळूहळू डाव सुरू होण्याच्या रेषेकडे सरकतो आहे. तो खरोखर धावून येणार की हूल देऊन मागे फिरणार, आणि आलाच तर त्याला ऑफेन्सिव्ह लाइन अडवणार की आपण, हे चेंडू मागे येण्याआधीच रनिंग बॅकने ताडायचे असते. त्यानंतर एक पाऊल पुढे टाकून, गुडघे वाकवून, आपल्यापेक्षा वजनदार गड्याला छातीवर घ्यायचे आणि क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याइतका अवधी मिळवून द्यायचा. येथे चूक झाली तर सारा मार क्वार्टरबॅकला बसतो. त्यामुळे ज्याच्यावर हा विश्वास नाही, त्याला प्रशिक्षक तिसऱ्या डाउनला बाहेर बसवतात, मग त्याचे पाय कितीही वेगवान असोत. आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरपासून साडेअकराला, सामने सुरू होतात. जागणार असाल तर आपला खेळाडू तिसऱ्या डाउनला मैदानात राहतो की नाही, एवढे कटाक्षाने पाहा.

या कसोटीला डेरिक हेन्रीसारखे मोठे अपवाद आहेत. २०१६ मध्ये टेनेसी टायटन्सने घेतलेला हा खेळाडू दोन हंगाम डीमार्को मरेच्या मागे होता, २०१८ मध्येही त्याला डिओन लुईससोबत जागा वाटून घ्यावी लागली, आणि पासच्या डावांत तो कधीच पहिली पसंती नव्हता. मात्र ६ डिसेंबर २०१८ रोजी जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याने १७ धावांत २३८ यार्ड आणि चार टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेणे) केले, आणि २०२० मध्ये तर २,०२७ यार्डांचा टप्पा गाठला. एवढे वजन आणि एवढा वेग एकाच देहात क्वचितच सापडतो. आपला खेळाडू तसा असल्याचे गृहीत धरू नये.

बदली म्हणून एक-दोन सामने गाजवणे हाही पुरेसा पुरावा नव्हे. मिनेसोटाच्या अलेक्झांडर मॅटिसनने २०२१ मध्ये डॅल्विन कुकच्या अनुपस्थितीत दोनदा शंभराहून अधिक यार्ड काढले होते, पण २०२३ मध्ये मुख्य जागा मिळाल्यावर १८० धावांत ७०० यार्ड झाले आणि धावून केलेला टचडाउन एकही नव्हता.

मग राखून ठेवावे का? मार्चमधील खेळाडूंच्या खरेदीपर्यंत आणि एप्रिलच्या ड्राफ्टपर्यंत, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेरीनिहाय निवडीपर्यंत, अवश्य ठेवा. त्याच्या संघाने पहिल्या दोन फेऱ्यांत नवा रनिंग बॅक निवडला किंवा अनुभवी खेळाडूवर मोठी रक्कम खर्च केली, तर जे रोज सरावात त्याला पाहतात त्यांनीच आपले उत्तर दिले, असे समजावे.

प्रश्न : राखीव म्हणून बरीच वर्षे घालवलेल्या, वय वाढलेल्या रनिंग बॅकवर भिस्त ठेवावी का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : वय वर्षांइतकेच अंगावर घेतलेल्या धक्क्यांवरूनही मोजावे. मायकेल टर्नर चार हंगाम लाडेनियन टॉमलिन्सनच्या मागे बसला आणि २००८ मध्ये अटलांटाकडे गेल्यावर त्याने ३७६ धावांत १,६९९ यार्ड व १७ टचडाउन केले. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या रहीम मोस्टर्टने मायामीकडून २०२३ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, धावून १८ टचडाउन केले. मात्र असे यश बहुधा अल्पायुषी असते. ३७६ धावांनंतरच्याच हंगामात टर्नर दुखापतींमुळे केवळ ११ सामने खेळू शकला, तेव्हा अशा खेळाडूला एका हंगामापुरतेच घ्यावे आणि भाव चांगला येत असेल तर मध्यावरच बदलून टाकावे.