कोविड निगेटिव्ह, पण खोकल्याचं काय? कारागृहातल्या टीबी तपासणीबद्दल

तुमचा प्रश्न असा की, महासाथीत आत येणाऱ्या बंद्यांचा स्वॅब घेतला जात होता, मग टीबी-एचआयव्हीची तपासणीही सुधारली असेल ना? उलटच झालं. कोविडसाठी घेतलेल्या स्वॅबवरून टीबीचं निदान होत नाही, त्याला बेडका लागतो. खोकणाऱ्याचा रिपोर्ट आला की फायलीत 'निगेटिव्ह' एवढंच उरतं. कशाचं निगेटिव्ह, हे बराकीपर्यंत पोचत नाही.

यंत्रांचीही ओढाताण होती. बेडक्यातून टीबीचे जंतू शोधणारं सीबीनॅट यंत्र आणि त्याच कामाचं गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट, दोन्ही 2020 मध्ये कोविडलाही जुंपली गेली. नमुना घालायचं काडतूस किंवा चिप वेगळी, पण यंत्र आणि तंत्रज्ञ तेच. चार मॉड्यूलच्या (म्हणजे चार कप्प्यांच्या) सीबीनॅटमध्ये एका वेळी चारच नमुने बसतात. देशातली टीबी रुग्णांची नोंद 2019 मध्ये सुमारे 24 लाख होती, ती 2020 मध्ये 18 लाखांवर आली. रोग आटला नव्हता, शोध आटला होता.

महासाथीत नव्या बंद्यांना 14 दिवस वेगळं ठेवत, ते विलगीकरणाचे दिवस मात्र वापरता येण्यासारखे होते; अशी वेळ आली तर हे करा. पहिल्याच दिवशी वजन घ्या आणि खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं हे चार प्रश्न विचारा. बाहेर दोन आठवड्यांच्या खोकल्याची अट ठीक असेल. कोंदट बराकीत कितीही दिवसांचा खोकला असला तरी बेडका पाठवावा. कोविडची चाचणी होत असेल तर तिच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नये, दोन्ही नमुने बरोबरच जाऊ द्यावेत.

बेडका घेताना सर्वाधिक घोळ होतो. डबीत फेसाळ लाळ येते आणि तपासणी फुकट जाते. आधी पाण्याने चूळ, मग दोन-तीन खोल श्वास, मग छातीतून खोकून काढलेला दाट बेडका, किमान 2 मिली. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा. जागा उघड्यावर हवी. बराकीत किंवा संडासात मुळीच नाही. शक्य असेल तर छातीचा एक्स-रेही काढावा, कारण 'खोकला नाही' म्हणणाऱ्यांतही टीबी सापडतो.

एक चूक फार सर्रास होत होती: विलगीकरणातल्या चालू गटात दहाव्या दिवशी नवा माणूस घालायचा आणि जुन्यांना चौदाव्या दिवशी आत सोडायचं. नवा आला की मोजणी सगळ्यांसाठी पुन्हा एकपासून. आणि त्या खोलीत खिडक्या बंद असतील तर टीबी तिथेच वाटला जातो.

वजनाचा काटा दुर्लक्षित राहतो. आत येताना 60 किलो असलेला माणूस तीन महिन्यांत 57 वर आला, तर ती पाच टक्के घट आहे. 'जेवण मानवत नाही' म्हणून सोडून देऊ नका.

एचआयव्हीचं थोडक्यात: संमती आणि समुपदेशन एकांतात हवं, रांगेत उभं करून नाही. विंडो पिरियडमुळे (लागण झाल्यावरही चाचणीत ती काही काळ दिसत नाही) प्रवेशावेळची निगेटिव्ह चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

राहिली सुटका. सर्वोच्च न्यायालयाच्या 23 मार्च 2020 च्या आदेशानंतर गर्दी कमी करण्यासाठी पॅरोल-जामीन झाले, ते योग्यच होतं. पण टीबीची औषधं चालू असलेला माणूस अशा वेळी अचानक बाहेर पडतो. म्हणून सुटकेच्या यादीची प्रत टीबी कर्मचाऱ्याला आदल्या दिवशी मिळायला हवी. हातात निदान महिन्याची औषधं, निक्षय (टीबी रुग्णांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) आयडी कागदावर लिहून, आणि निक्षयवर गावच्या आरोग्य केंद्राकडे ट्रान्सफर. पत्ता विचारताना फक्त वॉरंटवरचा लिहू नका, 'सुटल्यावर कुठे राहणार?' असं विचारा. आणि त्या केंद्राने ट्रान्सफर स्वीकारलं का, हे आठवड्याने फोन करून बघा.